व्हाया पद्मावती

डॉक्टर पाटणकरबाईंनी सोनोग्राफीच्या पाकिटावर
बॉलपेननं एक नस काढून दाखवली.
मेंदूतून निघते, गळ्यापाशी येते,
थांबत नाही.
तशीच छातीत उतरते,
हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिनीला खालून वळसा घालते
आणि उलटी वर येते,
जिथं आधीच उतरायला हवं होतं तिथं.

म्हटलं, बाई, हा कुठला रूट?
शनिपाराहून मंडईला जायला कात्रज कशाला?
त्या हसल्या. म्हणाल्या, आवाजाची नस आहे ती.
तुमची गाठ नेमकी तिच्या रस्त्यात बसलीय.

एकवीस वर्षं कंडक्टर. स्वारगेट डेपो.
ड्रायव्हर मोकाशी म्हणायचे,
ढमालेबाई गाडीत असल्या की हॉर्न लागत नाही.
गाठ पहिल्यांदा दिसली ती कॉलेजच्या एका पोरीला.
मावशी, गळ्याला काय झालंय तुमच्या?
मी ओरडले तिच्यावर. आधी पास दाखव.

पाच तास लागले.
गाठीनं नशीला धरून ठेवलं होतं,
सोडवायला गेले तर सुटेना, बाई म्हणाल्या,
दोघींतली एकच आत ठेवता आली असती.
मग दोघी काढल्या. 

शुद्धीवर आले आणि पाणी मागितलं.
वारा आला नुसता.
भालचंद्र खाटेशी वाकून कुजबुजले, दुखतंय का?
तेव्हापासून घरात सगळेच माझ्याशी कुजबुजतात.
मी काही बहिरी झाले नाही.

जुन्या लाल गाड्यांत छताखालून दोरी असायची.
एक टोला थांब, दोन टोले चल.
गळ्यातही दोनच आहेत म्हणे.
उजवी हलते.
डावी अर्ध्या वाटेत लोंबकळते
आणि मधल्या फटीतून शब्द
तिकीट न काढता उतरून जातात.

हनुवटी छातीला टेकवून पाणी प्यायला शिकले.
ओठांना मुंग्या आल्या की कॅल्शियम.
पहाटे उपाशीपोटी ती बारकी पांढरी गोळी, जन्मभर.
मग आयोडीन पाजून चार दिवस एका खोलीत कोंडलं,
ताट दाराबाहेर ठेवायचे, मी किरणं सोडते म्हणून.
आजवर शिव्या सोडल्या होत्या, किरणं पहिल्यांदाच.

मंचरहून आईचा फोन यायचा.
कोण बोलतंय? मंदाला दे.
मी भालचंद्रांकडे द्यायचे.
त्यांनी एकदा सांगितलं झोपलीय, एकदा ड्यूटीवर,
एकदा नुसतंच बघत राहिले माझ्याकडे.

दहा महिन्यांनी पुन्हा टेबलावर.
या वेळी जागी. गळा तेवढा बधिर.
बाहेरून एक पाचर सरकवून
पडलेल्या दोरीला मध्ये ढकलायचं.
बाई म्हणाल्या, एक ते वीस म्हणत राहा,
मी आवाज ऐकत बसवते.
मला आकडे आठवेनात.
स्वारगेट, म्हटलं. वारा.
लक्ष्मीनारायण. वारा.
पंचमी. दार करकरावं तसं काहीतरी.
जरा मागे घेते हं, बाई म्हणाल्या.
अरण्येश्वर. चिरकं, कुणाचं तरी पिल्लू.
पद्मावती.

सगळ्यांचे हात थांबले.
भूल देणारा पोरगा मास्कमधूनच म्हणाला,
चला, पद्मावतीवाले पुढे या.
हसायचं नाही, बाई ओरडल्या. मान हलेल.

आता पासच्या खिडकीत बसते.
दुपारी तीनपर्यंत पुरतो,
नंतर काचेवर पेन वाजवते.
हा आवाज माझा आहे असं अजून वाटत नाही,
बदली कामगारासारखा येतो, वेळेवर येतो, तेवढंच.
हरवलेल्या वस्तूंचं कपाट माझ्या मागेच आहे.
छत्र्या, डबे, एका डोळ्याचा चष्मा.
कधीतरी उगाच उघडून बघते.

परवा आईला मीच फोन लावला.
आई, मंदा.
पलीकडे बराच वेळ कुकरचीच शिट्टी.
मग म्हणाली,
सर्दी झालीय का गं?
म्हटलं, हो.